चावडीवाचनाचे श्रम कोण मोजणार?

२०२४ आणि २०२५ ह्या दोन वर्षांत लिनक्स ह्या संगणकप्रणालीच्या निर्मात्यांमध्ये एक वाद विकोपाला गेला आणि एका पक्षाचे सारे काम मूळ संचातून काढून टाकण्यात त्याची परिणती झाली. वरवर पाहता हा मूठभर तंत्रज्ञांचा आपसांतील कलह. कापसाच्या भावापासून कंत्राटी कामगारांच्या वेतनापर्यंतचे प्रश्न पुढ्यात असताना ह्या साप्ताहिकाच्या वाचकाने त्यात का लक्ष घालावे, आणि अर्थशास्त्र शिकविण्यात हयात गेलेल्या माणसाने त्यावर का लिहावे, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. ह्या वादाच्या मुळाशी श्रमाचा प्रश्न आहे. ज्या श्रमावर सर्वांची सुरक्षितता अवलंबून असते, पण जो कोणाच्याही हिशेबाच्या वहीत चढत नाही, अशा श्रमाचा हा प्रश्न आहे. तो तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होणे समाजवाद्यांना शोभणारे नाही.

आधी वस्तुस्थिती पाहू. संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो त्या आज्ञावली ह्यांच्यामध्ये एक गाभा असतो. इंग्रजीत त्याला कर्नेल म्हणतात. स्मृती कोणाला किती द्यायची, तबकडीवर काय लिहायचे, कोणत्या कामाला आधी वाट द्यायची, हे सर्व तो ठरवितो. गाभ्यात चूक झाली तर तिच्यावर अपील नाही. सारे यंत्रच बंद पडते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, चुकीचे चालू राहते. लिनुस टोरवाल्ड्स ह्या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये असा एक गाभा लिहून जगापुढे ठेवला आणि १९९२ मध्ये तो अशा परवान्याखाली आणला की, कोणीही तो वाचावा, बदलावा, वाटावा. मात्र बदललेला गाभा दुसऱ्याला देताना त्यालाही तेच स्वातंत्र्य द्यावे. आज सीताबर्डीवरच्या फेरीवाल्याच्या हातातील अँड्रॉइड फोनमध्ये हाच गाभा आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणक २०१७ च्या अखेरीपासून ह्याच गाभ्यावर चालतात. खाजगी मालकीच्या युगात एवढी मोठी सामाईक मालमत्ता उभी राहावी, ही अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांना न पचणारी घटना आहे.

ह्या मालमत्तेत भर घालण्याची रीत ठरलेली आहे. बदल सुचविणारा तो उघडपणे सर्वांपुढे मांडतो. इतर जाणकार तो ओळ न् ओळ वाचतात, शंका काढतात, परत पाठवितात. त्या विभागाचा राखणदार समाधान झाल्यावर त्याखाली आपली सही करतो आणि तो वरच्या राखणदाराकडे धाडतो. प्रत्येकाने आपल्या सहीनिशी जबाबदारी घ्यावी हा नियम २००४ मध्ये आला. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. त्यातील पहिले दोन आठवडे नवे काम स्वीकारले जाते. उरलेल्या काळात केवळ दुरुस्त्या. ह्या वाचनाला इंग्रजीत रिव्ह्यू म्हणतात. मी त्याला चावडीवाचन म्हणेन. का, ते पुढे येईल.

केंट ओव्हरस्ट्रीट ह्यांनी अनेक वर्षे खपून तयार केलेली बीकॅशएफएस नावाची फाइलव्यवस्था जानेवारी २०२४ मध्ये निघालेल्या ६.७ ह्या आवृत्तीत सामावून घेतली गेली. फाइलव्यवस्था म्हणजे तबकडीवरील दप्तरखाना. कोणता कागद कोठे ठेवला ह्याची नोंद तीच ठेवते. ती चुकली की कागद गेला. दुरुस्तीसाठी राखून ठेवलेल्या काळातही ओव्हरस्ट्रीट मोठमोठे बदल पाठवीत राहिले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये टोरवाल्ड्स ह्यांनी त्यांना हटकले: ह्यांना दुरुस्त्या म्हणता येत नाही, शिवाय त्यांतील काही स्वतःच्या विभागाच्या सीमेबाहेर जातात. ओव्हरस्ट्रीट ह्यांचे म्हणणेही ऐकून घेण्याजोगे होते. लोकांचे दस्तऐवज आज नष्ट होत असताना पुढील आवृत्तीची वाट कशी पाहायची? आणि आपल्या स्वयंचलित चाचण्यांमधून तावून-सुलाखून निघालेल्या कामावर कोणी अविश्वास का दाखवावा? पुढे वर्तणुकीचा प्रश्न त्यात मिसळला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांच्या सहभागावर काही काळ निर्बंध आले. जून २०२५ मध्ये दुरुस्तीच्या काळातच हरवलेली माहिती परत मिळवून देणारी नवी सोय त्यांनी पाठविली, आणि मग वाटा वेगळ्या झाल्या. ऑगस्टमध्ये ती व्यवस्था ‘बाहेरून सांभाळलेली’ ठरली आणि ६.१८ ह्या आवृत्तीच्या तयारीत, सप्टेंबरअखेर, ती गाभ्यातून काढली गेली.

ह्यावर भाष्य करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी दोन हट्टी माणसांचे भांडण म्हणून हा विषय निकालात काढला. माझ्या मते ही उथळ मांडणी आहे. एका बाजूला यंत्राने दिलेली ग्वाही होती, दुसऱ्या बाजूला माणसांनी केलेले वाचन. पहिली पुरेशी आहे असे म्हणणाऱ्यांचा पक्ष दिवसेंदिवस बळावत चालला आहे. त्याला भांडवलाचे पाठबळ आहे, आणि त्याचा प्रतिवाद केला पाहिजे.

चाचणी म्हणजे काय? यंत्राला आधी ठरविलेले प्रश्न विचारणे. जो प्रश्न कोणाला सुचलाच नाही, त्याचे उत्तर चाचणी देत नाही. चाचणीने दोष असल्याचे सिद्ध होते, दोष नसल्याचे कधीही नाही, हे डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा ह्यांनी अर्धशतकापूर्वीच सांगून ठेवले. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे समजावून सांगण्यास संगणकाची गरज नाही. त्याने ते सातबाऱ्यात भोगले आहे. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढविले गेले, तेव्हा क्षेत्राची बेरीज जुळते की नाही हे यंत्र तपासू शकत होते. पण गट क्रमांक बरोबर, क्षेत्र बरोबर, बेरीजही बरोबर, आणि वारसाचे नाव मात्र भलतेच, ही चूक यंत्राला कशी उमगणार? ती उमगते ज्याचे शेत आहे त्याला, त्याच्या बांधाशेजाऱ्याला आणि गावच्या पटवाऱ्याला. म्हणूनच २०१७ च्या उन्हाळ्यात राज्य शासनाला गावोगाव संगणकीकृत सातबाऱ्यांचे चावडीवाचन घ्यावे लागले. खातेदारांपुढे दप्तर उघडायचे, मोठ्याने वाचायचे आणि हरकती नोंदवायच्या. शंभर वर्षांपूर्वीचा हा रिवाज संगणकाच्या युगात कालबाह्य झाला असे समजणाऱ्या अधिकाऱ्यांना तो पुन्हा जिवंत करावा लागला, ह्यातच सारे आले.

सातबाऱ्यातील चुकीने एक कुटुंब कचेऱ्यांचे उंबरठे झिजविते. गाभ्यातील चुकीने काय होते, ते १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक ह्या अमेरिकन कंपनीने विंडोज संगणकांच्या गाभ्यात चालणाऱ्या आपल्या सुरक्षा-आज्ञावलीसाठी एक नवी नियमपत्रिका जगभर धाडली आणि सुमारे ८५ लाख यंत्रे एकाएकी निकामी झाली. आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीच्या तपासणीत जे कारण निघाले ते मुळातून समजून घेण्यासारखे आहे. त्या पत्रिकेतील नियम २१ वा रकाना वाचू पाहत होता. वाचणाऱ्या आज्ञावलीला पुरविले जात होते २० रकाने. पत्रिका तपासण्यासाठी एक स्वयंचलित तपासनीस होता. रकाने २१ आहेत असे त्यानेही गृहीत धरलेले, म्हणून त्याने ती उत्तीर्ण केली. आधीच्या चाचण्यांत त्या शेवटच्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण होती, त्यामुळे तो कधी वाचलाच गेला नव्हता. म्हणजे चाचणी झाली होती आणि निकालही ‘उत्तीर्ण’ असाच होता. खाजगी मालकीच्या बंद दप्तरात बाहेरच्या कोणाला डोकावण्याची मुभा नसल्याने रकाने मोजून पाहणारा तिऱ्हाईत माणूस मात्र तेथे असणे शक्य नव्हते.

येथे आपल्यातीलच काही मित्र उत्साहाने म्हणतील की, दप्तर खुले ठेवले की प्रश्न सुटला. हजारो डोळ्यांपुढे चूक लपणार कशी? हा भाबडेपणाही मला मान्य नाही. दार उघडे आहे म्हणून कोणी आत येऊन वाचतोच असे नाही. संकेतस्थळांवरील व्यवहार गुप्त राखणारी ओपनएसएसएल ही आज्ञावली पूर्णपणे खुली होती. तरीही २०१२ मध्ये प्रसृत झालेल्या आवृत्तीतील ‘हार्टब्लीड’ ही भयंकर चूक एप्रिल २०१४ पर्यंत उघड झाली नाही. जगातील मोठमोठ्या कंपन्यांचा व्यापार जिच्यावर चालत होता, त्या आज्ञावलीला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलरच्या घरात होत्या, हे त्यानंतर बाहेर आले. डोळे हजारो होते, पण वाचण्यासाठी पगार मिळणारे किती होते?

मार्च २०२४ मधील एक्सझेड प्रकरण तर ह्याहून उद्बोधक आहे. लिनक्सवर आधारलेल्या असंख्य यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या ह्या लहानशा आज्ञावलीचा भार एकच थकलेला राखणदार फुकट वाहत होता. एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोनेक वर्षे मदतनिसाचे सोंग घेऊन त्याचा विश्वास संपादन केला आणि तिच्यात चोरदरवाजा बसविला. त्यासाठी लागणारा विषारी भाग कोठे दडविला होता? चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींमध्ये! जी चाचणी आपले रक्षण करणार, तिचेच दप्तर चोराने लपण्यासाठी निवडले, कारण ते कोणी वाचत नाही हे त्याला ठाऊक होते. आन्द्रेस फ्रॉइंड ह्या तंत्रज्ञाला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, त्याने कारण खणून काढले, म्हणून अनर्थ टळला.

चाचणी नको असे माझे म्हणणे मुळीच नाही. गूगलचा सिझबॉट २०१७ पासून गाभ्यावर अहोरात्र उलटसुलट आदेशांचा मारा करून दोष शोधतो. इंटेलची यंत्रेही आलेला प्रत्येक बदल घडवून पाहतात. माणसाच्या नजरेला कधी दिसले नसते असे शेकडो दोष त्यांनी दाखविले आहेत. पण दोष दाखविला गेल्यावर पुढे काय होते? तो अहवाल जाऊन पडतो त्याच थकलेल्या राखणदाराच्या पुढ्यात. यंत्र कामाची यादी वाढविते. ती उरकणारे हात वाढवीत नाही. कंपन्या यंत्रे देण्यात उदार आहेत, कारण यंत्र हे त्यांचे भांडवल आहे. ते ताळेबंदात दिसते आणि दानाची जाहिरातही होते. वाचणाऱ्या माणसाचा वेळ मात्र कोणत्याच ताळेबंदात नसतो. नवी सोय लिहिणाऱ्याला बढती मिळते. दुसऱ्याने लिहिलेली सोय तीन दिवस वाचून ‘हे घेऊ नका’ असे सांगणाऱ्याला काय मिळते? लेखकाचा राग आणि वरिष्ठाची नाराजी. घरातील स्त्रीचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाहीत ह्याविरुद्ध आपण वर्षानुवर्षे बोलत आलो. राखणदाराचे वाचन हे त्याच जातीचे श्रम आहेत. सर्व उत्पादन त्यांवर उभे आणि त्यांची किंमत शून्य.

ह्या श्रमाचा गैरफायदा विद्यापीठांनीही घेतला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये जाणूनबुजून सदोष बदल पाठवून राखणदार ते पकडतात की नाही ह्याचा प्रयोग केला. तोही त्यांना न विचारता. एप्रिल २०२१ मध्ये त्या विद्यापीठाचे योगदान घेणे थांबविण्यात आले. पण खरी शिक्षा कोणाला झाली? त्या विद्यापीठातून पूर्वी आलेले ४३५ बदल पुन्हा एकवार वाचून काढावे लागले. त्यांपैकी ३४९ बरोबर निघाले. ३९ चुकीचे आणि दुरुस्तीस पात्र ठरले. शोधनिबंधाचे श्रेय घेऊ पाहणारे एक, आणि ४३५ वेळा डोळे फोडून घेणारे दुसरे. ही विभागणी आपल्या परिचयाची नाही काय?

आता दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप वेगाचा. वाचनाने काम रखडते, स्पर्धेत मागे पडते. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आता क्षणार्धात शेकडो ओळी लिहू लागल्यापासून हा आक्षेप अधिकच मोठ्या आवाजात ऐकू येतो. पण लिहिण्याचा खर्च शून्याकडे गेला म्हणून समजून घेण्याचा खर्च कमी होत नाही, उलट वाढतो. कारण लिहिणाऱ्याने स्वतः विचार केला असेल हा भरवसाही आता उरला नाही. टंचाई लिहिणाऱ्यांची नसून वाचणाऱ्यांची आहे. ज्या वस्तूची टंचाई तिला मोल द्यावे, एवढे तर बाजारवाद्यांचे अर्थशास्त्रही सांगते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर, आणि तो आपल्या बाजूने येतो. हे चावडीवाचन खरोखर लोकशाहीचे आहे काय? शेवटचा शब्द एकाच व्यक्तीचा असेल तर ती पाटीलकी नव्हे काय? ह्यात तथ्य आहे. टोरवाल्ड्स ह्यांचा तिखट शब्दांचा शिरस्ता एवढा बोकाळला होता की, २०१८ मध्ये त्यांना स्वतःलाच त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करून काही काळ बाजूला व्हावे लागले आणि आचारसंहिता आली. ओव्हरस्ट्रीट ह्यांना नियम लावला हे योग्यच. पण नियम लावणारा, वाचणारा आणि निवाडा देणारा ह्यांच्यात पुरेसे अंतर नसणे हा दोषच होय. परवाना खुला असल्याने त्यांचे काम बाहेर जिवंत राहू शकले, ही ह्या पाटीलकीवरील मर्यादा. बंद दप्तराच्या कंपनीत हाकललेल्याला तेवढाही आसरा नसतो.

ह्याहून चांगली रीत शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गावाने २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आणला. त्या गावाची घडण दोन पायांवर आहे: अभ्यासगट आणि ग्रामसभा. अभ्यासगटात कोणीही यावे, वाचावे, शंका काढाव्यात. तेथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने. वाचन आणि सत्ता ह्यांची अशी फारकत केली म्हणजे वाचणाऱ्याला सत्तेचा मोह राहत नाही आणि सत्तेला वाचनाची टाळाटाळ करता येत नाही. सामाईक मालमत्ता अपरिहार्यपणे उजाड होते, हा सिद्धान्त एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्यांनी खोडून काढला आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळविले. त्यांच्या विवेचनातही देखरेख करणारे हे वापरणाऱ्यांपैकीच किंवा त्यांना उत्तरदायी असावेत, ही अट ठळक आहे. मेंढ्याच्या जंगलाला जे लागू, ते ह्या अदृश्य जंगलालाही लागू आहे.

मग करावयाचे काय? भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामात मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, आणि शासकीय आज्ञावलींचे दप्तर खुले करण्याचेही. फुकट मिळते म्हणून घेणे सोपे आहे. पण सामाईक विहिरीचे पाणी भरणाऱ्याने तिच्या उपशाला हातभार लावला पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये कोट्यवधी नागरिकांच्या फोनवर आरोग्य सेतू चढविले गेले. त्याची अँड्रॉइड आज्ञावली लोकांनी वाचण्यासाठी खुली झाली ती मे महिन्याच्या अखेरीस. आधी सक्ती, मग वाचन, हा क्रम उलटा केला पाहिजे. सार्वजनिक पैशाने लिहिलेली प्रत्येक आज्ञावली लोकांवर लादण्यापूर्वी तिचे चावडीवाचन झाले पाहिजे, आणि त्यासाठी लागणारा वेळ व मोबदला निविदेतच धरला पाहिजे.

आपल्या नागपुरापुरते बोलायचे तर येथे व्हीएनआयटी आहे, विद्यापीठ आहे, मिहानमध्ये संगणक कंपन्या आहेत. दरवर्षी शेकडो मुले अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून तेच ते नमुने गिरवून पदवी घेतात. त्यांच्यापैकी थोड्यांना जरी एखाद्या राखणदाराच्या हाताखाली वर्षभर दुसऱ्याने लिहिलेले वाचण्याचे, त्यावर लेखी अभिप्राय देण्याचे काम दिले, आणि शोधनिबंधाइतकेच गुण त्याला ठेवले, तर ती मुले अधिक शिकतील आणि एका सार्वजनिक संपत्तीची राखणही होईल. मुक्तस्रोतावर नफा मिळविणाऱ्या कंपन्यांनी यंत्रांचे दान पुरे करून माणसांचा वेळ द्यावा: कामाच्या तासांत, पगारासह, आणि बढतीच्या वेळी मोजला जाईल असा. संगणक क्षेत्रातील कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी ही मागणी आपल्या सनदेत घालावी.

यंत्राला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यंत्र देईल. कोणता प्रश्न विचारावयाचा राहून गेला, हे मात्र दप्तर उघडून ओळ न् ओळ वाचणाऱ्या माणसालाच कळते. त्या माणसाला आपण आजवर फुकट राबविले. त्याची मजुरी ठरविणे ही कोणावर मेहेरबानी नव्हे. ते थकलेले देणे आहे.